अंगणातला मुदपाकखाना

नोकरीची सारी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही एखादे काम सरळपणे करता येत नाही. आधी त्याची फाईल उघडावी लागते. गारखेड्यातील आमच्या घरामागे १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी जी मोकळी जागा आहे, आणि जिच्यावर आजवर एक लिंबाचे झाड, दोन मोडक्या कुंड्या आणि कपडे वाळत घालायची तार यांखेरीज कोणाची वहिवाट नव्हती, तेथे उघड्यावरचे स्वयंपाकघर उभारावे असे गेल्या श्रावणात माझ्या मनाने घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका तावावर नकाशा, तपशील, अंदाजपत्रक आणि मुदत असे चार रकाने आखून बसलो.

या विचाराचे मूळ परदेशी होते, हे कबूल केले पाहिजे. मुलाकडे मेलबर्नला तीन महिने राहिलो असताना तेथील सार्वजनिक उद्यानांतून विजेवर तापणाऱ्या पोलादी तव्यांचे ओटे मी पाहिले. बटण दाबावे, तवा तापला की आणलेले जिन्नस कुटुंबाने भाजून खावेत, आणि निघताना तवा पुसून पुढच्यासाठी स्वच्छ ठेवावा, असा तेथला रिवाज. आणि त्या पुसण्यावर देखरेखीसाठी कोणी शिपाई नेमलेला नसतो याचे मला त्या भाजण्याहून अधिक नवल वाटले. मुलाच्या घरामागेही असाच एक संच होता, आणि ज्या फरसबंद जागेत तो मांडला होता तिला तो 'पॅटिओ' म्हणे. शब्द मूळचा स्पॅनिश, आणि त्याचा मूळ अर्थ घराच्या पोटातला, वरून आभाळ असलेला चौक. म्हणजे गुलमंडीच्या आसपासच्या जुन्या वाड्यांतून जो चौक असे, ज्यात वाळवणे पडत, लग्नाचे मांडव पडत आणि भांडणेही निकालात निघत, तोच हा. फक्त आपण तो पाडून त्यावर तीन मजले चढवले आणि मग सात समुद्रांपलीकडे जाऊन त्याचा फोटो काढून आणला.

जागेचे नाव लागले, पण तीत जे बांधावयाचे त्याला काय म्हणावे? 'आउटडोअर किचन' हे शब्द माझ्या हातून अंदाजपत्रकाच्या माथ्यावर लिहवेनात. तेव्हा मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांतला मुदपाकखाना आठवला. अरबी 'मत्बख' फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरात शिरला, त्याचा 'मुदबख' झाला. आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले ते दिले, पण सामान्य मराठी जिभेने कोणत्याही कोशाची वाट न पाहता त्या 'बख'चा परस्पर 'पाक' करून टाकला. कोणा भुकेल्या कारकुनाच्या लेखणीची ही करामत असावी, असा माझा आपला तर्क आहे. 'मौजे गारखेडा येथील मुदपाकखान्याचे अंदाजपत्रक' असे मी ठळक अक्षरांत लिहिले, आणि त्या एका ओळीने मला जे समाधान दिले ते पुढच्या साऱ्या खर्चाने दिले नाही.

खरी अडचण शेगडीपाशी आली. जालना रस्त्याला लागून लोखंडी कामे करणाऱ्या एका कारागिराकडे जाऊन मी मोठ्या ऐटीत सांगितले की मला एक ग्रिल करून हवे आहे. त्याने फीत काढली, कानावरची पेन्सिल हातात घेतली आणि विचारले, "कित्ते खिडक्यां हैं, साब?" आपल्याकडे ग्रिल म्हणजे चोरांसाठी खिडकीला ठोकलेले गज, त्यावर कोणी अन्न भाजत असेल ही कल्पना त्या बिचाऱ्याला कोठून असणार? मी कागदावर आकृती काढून दाखवली, तेव्हा ती पाहून तो उद्गारला, "अच्छा, शेगडी बोलो ना!" एका शब्दात त्याने माझा परदेशप्रवास रद्द केला.

मग दुकाने पालथी घालणे आले. तेथे मांडलेल्या वस्तू पाहून मनुष्य गोंधळून जावा अशीच तजवीज असते. गॅसवरची यंत्रे झटपट पेटतात आणि हुकमी आच देतात. पण सिलिंडरातला वायू हवेहून जड, गळती झाली तर तो वर उडून न जाता जमिनीलगत साचत जातो, म्हणून ओट्याखालच्या कप्प्याला अगदी तळाशी झरोके ठेवावे लागतात, आणि हे त्या चकचकीत माहितीपत्रकांत मला कोठे दिसले नाही. झाकणाची गोल किटली दिसावयास गोजिरी. तिचा जन्म १९५२ सालचा. शिकागोकडील जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ ज्या धातुकामाच्या कारखान्यात कामाला होता तेथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल बनत. त्याने त्यांतलेच घेऊन खालच्या अर्ध्याला पाय जोडले, वरच्याचे झाकण केले, आणि वाऱ्यापावसात विझणारी आपली शेगडी सुरक्षित करून घेतली. झाकण लावले की नुसत्या निखाऱ्याच्या धगीला कोंडलेल्या उष्ण हवेची जोड मिळते, म्हणजे शेगडीची भट्टी होते. ही युक्ती मला मनापासून आवडली. किंमत ऐकल्यावर आवड आवरती घेतली.

पोलादाच्या बाबतीत तर एका विक्रेत्याने मला चक्क लोहचुंबकाचा प्रयोग करून दाखवला. चुंबक चिकटत नाही, अर्थात माल अस्सल ३०४ प्रतीचा, असे त्याचे प्रतिपादन. आता ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि २०२ मध्ये महागडे निकेल कमी करून त्या जागी मँगॅनीज घातलेले असते, हे खरे. पण चुंबक या दोहोंनाही सारखाच चिकटत नाही, हेही तितकेच खरे. खोटा साक्षीदार उभा करून खरा दस्तऐवज शाबीत करण्याचा हा प्रकार मी कचेरीत पुष्कळदा पाहिला होता, म्हणून नमस्कार करून बाहेर पडलो. कोकणात असतो तर खाऱ्या हवेच्या भयाने कदाचित तेथेच पैसे मोजले असते. आमच्या कोरड्या पठारावर साधे लोखंडही वर्षातून दोनदा तेलाचा बोळा फिरवला तर नातवापर्यंत टिकते.

त्याच संध्याकाळी, घरी न सांगता, मी शहागंजात गेलो. घरी न सांगण्याचे कारण असे की पत्नीचे माहेर पैठणचे, गळ्यात तुळशीची माळ, आणि माझ्या जिभेच्या काही जुन्या सवयींची नोंद आमच्या घरच्या दप्तरात घ्यावयाची नाही असा चाळीस वर्षांचा अलिखित करार आहे. घड्याळाजवळून आतल्या गल्लीत वळले की कबाबवाल्यांच्या शेगड्या दिसू लागतात. हात-दीड हात लांबीची, वीतभर रुंदीची लोखंडी पन्हळ, तीत बाभळीच्या कोळशाचा पातळ थर, आणि दोन्ही काठांवर टेकलेल्या सळया. तिला जाळी नाही, झाकण नाही, आचेचा अंश सांगणारी तबकडीही नाही. पन्हळ सळईहून अरुंद असते एवढीच तिची सारी यंत्रविद्या; त्यामुळे मांस कोठेही लोखंडाला टेकत नाही, चिकटत नाही, अधांतरी फिरत भाजते. कारागिराच्या डाव्या हातात पंखा होता आणि उजवा हात सळया फिरवीत होता. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून जाळ उठला की त्या टोकाचा वारा तो क्षणभर थांबवी, निखाऱ्यावर राखेची साय धरू देई, आणि मग पुन्हा पंखा हलवी. मी तेथे पाऊण तास उभा होतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' रचला, त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात शुळावर खोचून निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाचे प्रकार आले आहेत. ते कल्याणी म्हणजे आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडचे बसवकल्याण. इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हा फौजेच्या डेगांतून नानखलिया या मुलखात आला असे आमच्याकडे सांगतात. तो आला असेल. पण निखारा आणि शूळ यांची ओळख करून द्यावयास दिल्लीहून कोणी यावे लागले नसावे.

तर, पन्हळ ठरली. नकाशा पुरा झाला. ओटा आग्नेय कोपऱ्यात, कारण वास्तुशास्त्र अग्नीला ती दिशा देते, आणि शास्त्र बाजूला ठेवले तरी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे धूर घरात न शिरता परभारे पूर्वेकडे निघून जाणार. (पूर्वेकडे शेजाऱ्यांची गच्ची आहे आणि चैत्र-वैशाखात तिच्यावर कुरडया-पापड वाळत असतात, हा मुद्दा शास्त्राने व मी, दोघांनीही विचारात घेतला नव्हता. पुढे त्यांच्या घरून धुरकट चवीच्या चार कुरडया आमच्याकडे वानवळा म्हणून आल्या. काही बोलणे झाले नाही.) ओट्याची उंची ३२ इंच. उजवीकडे कोळशाचा कप्पा, डावीकडे मोरी व नळ. नळाचे कलम मात्र मी लिहिले आणि लगेच खोडले. ज्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, ज्याचा तिसरा प्रहर पाण्याच्या पाळीची चौकशी करण्यात जातो, त्या शहरात अंगणात दुसरा नळ बसवणे म्हणजे अंगणात दुसरी प्रतीक्षा बसवणे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातले झरे मातीच्या नळांनी शहरात आणले, आणि तसेच आणलेले पाणी पाणचक्कीत जाते फिरवण्याइतके जोराने पडे. आम्हांला पैठणचा नाथसागर आहे, आणि अंगणात पाण्याची बादली आहे. मी 'बादली, नग १' असे लिहिले.

हा पुरा मसुदा मी पत्नीसमोर वाचून दाखवला. तिने चष्मा लावला, नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "अहो, सगळं छान आहे, पण बसायचं कुठं?"

नकाशात बसावयास जागाच नव्हती. कोळशाला कप्पा होता, चिमट्याला खुंटी होती, राखेला डबा होता. माणसाला काही नव्हते. मी बाजू सावरण्यासाठी म्हणालो की स्वयंपाक उभ्याने करावयाचा असतो. "तो मी चाळीस वर्षं करतेय," ती म्हणाली, आणि तवा तापला होता म्हणून आत गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि गंगापूर तालुक्यातले आमचे शेत आठवत राहिले. पौषात हुरड्याचे दिवस येत. शेताच्या एका कडेला वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या रचलेल्या. जाळ उठून बसला आणि गोवऱ्या आतून तांबड्या, वरून करड्या झाल्या की आगटी तयार झाली असे समजावे. दांड्यांसकट कणसे त्या आरात खोचावयाची. दुधात भरलेला, अजून कठीण न झालेला हिरवा दाणा आतल्या आत वाफेने फुगतो, त्याच्या कोंड्याला तांबूस डाग पडू लागतात, आणि त्या क्षणी कणीस बाहेर काढले पाहिजे. अर्धा मिनिट उशीर म्हणजे लाही, अर्धा मिनिट घाई म्हणजे चीक. आमचे थोरले काका कणीस दोन तळव्यांत धरून असे चोळीत की दाणे घोंगडीवर पावसासारखे पडत, आणि त्यांच्या तळहाताला त्या दिवसांत काळपट, तकतकीत कवच चढलेले असे. सुपात एक फुंकर, की कोंडा उडून जाई. गूळभेंडी आणि सुरती ही नावे मला बाराखडीबरोबरच येत होती. हल्ली परभणीच्या कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी म्हणून 'परभणी वसंत' हा वाण काढला आहे, तोही गोड आहे, तक्रार नाही.

पण त्या रात्री मला काकांचे हात आठवले, आणि मग हे आठवले की आगटीभोवतीच्या कोंडाळ्यात माझी आई कधीच नव्हती. ती घरून निघत असे सर्वांच्या शेवटी. कारळाची चटणी, लसणाची चटणी, दह्याचे गाडगे, गूळ आणि खोबऱ्याची वाटी ही सारी शिदोरी डोक्यावर घेऊन ती बांधावरून येताना दिसे तोपर्यंत पहिली आगटी विझलेली असे. आगटी पुरुषांची, चूल बायकांची. आगटीला सुट्टी असते, चुलीला नाही. चंपाषष्ठीचेही तेच. चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी पुन्हा पानात येतात, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात, आणि आमच्या इकडे सातारा गावच्या खंडोबाची यात्रा भरते. त्या दिवशी बाहेर वांगी भाजण्याचा मान घरचे पुरुष मोठ्या उत्साहाने घेत. आणि त्यानंतर त्या वांग्यांची साले काढणे, फोडणी देणे, बाजरीचे पीठ मळणे, राख माखलेली भांडी घासणे? याविषयी पुराणांत आणि माझ्या अंदाजपत्रकात सारखेच मौन होते. मेलबर्नच्या उद्यानातही तव्यापाशी बहुधा बापच उभे असत, आणि कोशिंबिरीचे डबे घरून कोणी भरून आणले हे मी तेव्हा विचारले नव्हते.

बांधकाम सुरू झाले. ओट्याची उंची मी सबंध ठेवली नाही. आठ फुटांपैकी तीन फूट ३२ इंचांचे आणि उरलेले पाच फूट १८ इंचांचे, म्हणजे बसावयाचे. ठेकेदाराने माझ्या अपरोक्ष पन्हळीखाली शहाबादी फरशी बसवून टाकली. दिसावयास ती उत्तम दिसे. पहिल्याच दिवशी कोळसा फुलल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पिस्तुलाच्या बारासारखा आवाज झाला आणि फरशीचा तळहाताएवढा पापुद्रा उडून लिंबाच्या बुंध्याला लागला. शहाबादी हा थराथरांचा चुनखडीचा दगड. थरांत मुरलेल्या ओलाव्याची वाफ झाली, तिला वाट सापडली नाही, आणि वरचा थर खालच्याहून भराभर प्रसरण पावला, मग दगडाने दुसरे काय करावे? ठेकेदार म्हणाला की फरशी खराब निघाली. म्हातारा गवंडी काही न बोलता दुसऱ्या दिवशी भट्टीच्या पिवळट विटा घेऊन आला, त्याने त्या सिमेंटाऐवजी भट्टीच्या मातीत बसवल्या, पन्हळीखाली चार बोटे हवा खेळेल एवढी पोकळी ठेवली, आणि जाताना मला एवढेच म्हणाला की सायेब, इस्तू ठेवायची जागा इस्तवाला इचारून करावी.

चंपाषष्ठीला पन्हळीचे उद्घाटन झाले. जळगावकडची भरताची हिरवी वांगी, अजिंठ्याचा घाट चढून आलेली, तेल लावून, टोचे मारून मी स्वतः ठेवली. पन्हळीवर त्यासाठी बिडाची एक जाळी वेगळी केली होती. तिच्यावर वांगे, कांदा आणि कणीस यांखेरीज दुसरे काही कधीही ठेवले जाणार नाही, असे मला तोंडी नव्हे, देवापुढे उभे करून कबूल करवून घेण्यात आले होते. गॅसवर वांग्याची साल जळते आणि गर नुसता शिजतो. निखाऱ्यावर साल हळूहळू सुरकुतते, देठापाशी वाफेची बारीक शीळ वाजू लागते, मग वांगे एका कुशीवर असे बसते की जणू त्याने एक सुस्काराच टाकला. सालेही मीच काढली. चार बोटे भाजली. भरीत बरे झाले होते, म्हणजे निदान कोणी नाव ठेवले नाही.

जानेवारीत पुतण्या गावाहून मोटारसायकलला हुरड्याची पेंढी बांधून घेऊन आला. आम्ही कणसे पन्हळीत मांडून पाहिली. कोळशाची आच तिखट पडली, वरचे दाणे करपले आणि आतले हिरवेच राहिले. पुतण्याने इकडे-तिकडे पाहिले, लिंबाच्या आळ्यापलीकडची मोकळी माती पायाने चाचपली, आणि मला न विचारता कुदळ घेतली. वीतभर खड्डा, दहा-बारा गोवऱ्या. माझा सारा मुदपाकखाना, भट्टीच्या विटा आणि बिडाच्या जाळीसह, बाजूला गप्प उभा राहिला. फक्त त्याचा पाच फुटांचा भाग उपयोगी पडला. पत्नी शाल पांघरून त्यावर येऊन बसली. चटणी सकाळी मीच पाट्यावर वाटली होती, तीत मीठ अंमळ जास्त झाले होते. पुतण्याने पहिले कणीस चोळले, मी सुपात पाखडले आणि पहिली मूठ तिच्या ओंजळीत दिली. तिने दाणे तोंडात टाकले, थोडा वेळ चावत राहिली.

"अर्धं मिनिट आधी काढायला हवं होतं," ती म्हणाली. "पुढचं मी सांगेन तेव्हा काढा."

मी दुसरे कणीस आरात खोचले आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसलो.